एक नकाशा, सव्वाशे वाटसरू

मंडळाच्या अंकातली प्रवासवर्णनं मी आवडीने वाचतो. कोणी काशीला जाऊन येतं, कोणी नर्मदा परिक्रमा करतं, कोणी मुलाकडे अमेरिकेला जाऊन नायगारा बघतं. माझा प्रवास मात्र बेताचाच. ऑफिसच्या कामाने दोनदा सिंगापूर आणि एकदा घरच्यांबरोबर केरळ, एवढंच. पण एक जागा अशी आहे, की तिथे मी कॉलेजपासून सतत जातोय. तिथला कोपरान् कोपरा मला पाठ आहे. तिथे माझ्या ओळखीची माणसं दर शनिवारी भेटतात. त्या जागेचं नाव डोटा. तो संगणकावरचा खेळ आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटायचंय त्यांनी खुशाल उलटावं.

आधी भूगोल सांगतो. जमीन चौकोनी. डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात एक गाव, त्याचं नाव रेडियंट. तिथे सगळं हिरवंगार. उजव्या हाताला वर दुसरं गाव, डायर. तिथली माती काळपट, करपलेली. दोन्हींच्या मधून तिरकी वाहणारी नदी. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला तीन रस्ते: एक वरून, एक खालून आणि एक सरळ मधून. या रस्त्यांना लेन म्हणतात. प्रत्येक लेनवर दोन्ही बाजूंचे तीन-तीन बुरूज आणि गावाच्या गाभ्याशी आणखी दोन, म्हणजे एकेका बाजूचे अकरा. रस्त्यांच्या मधली सगळी जागा जंगलाची. नदीकाठच्या एका खळग्यात रोशन नावाचा राक्षस बसलेला असतो. त्याला मारलं की एक जादा जीव मिळतो. नदीत असलं काही असणं बाकीच्यांना विचित्र वाटेल, पण विश्वामित्रीच्या मगरी बघत लहानाचे मोठे झालेल्या आपल्याला त्याचं काय!

इथे पाच मिनिटांचा दिवस आणि पाच मिनिटांची रात्र असते. तुमचं माणूस जिथे उभं आहे तिथलं तुम्हाला दिसतं, बाकी सगळीकडे धुकं. रात्री ती नजर निम्म्याहूनही आखूड होते. दोन्हीकडे पाच-पाच जण, आणि समोरच्या गावाच्या मधोमध असलेली वास्तू आधी कोण पाडतं यावर हार-जीत. एक डाव साधारण चाळीस मिनिटांचा.

ही जागा एका हौशी माणसाने यूल या टोपणनावाने २००३ साली वसवली, तीही दुसऱ्याच एका खेळाच्या आत. वॉरक्राफ्ट थ्रीमध्ये स्वतःचे नकाशे करायची सोय होती, त्यातून हे निघालं. पुढे आइसफ्रॉग या टोपणनावाच्या माणसाने ती वर्षानुवर्षं सांभाळली, आणि व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये डोटा टू म्हणून तिला स्वतंत्र घर दिलं.

प्रत्येक डावाच्या सुरुवातीला तुम्हाला एक हिरो निवडावा लागतो. आज असे सव्वाशेच्या आसपास हिरो आहेत आणि ते सगळे पहिल्या दिवसापासून फुकट मिळतात. मला सांगायचंय ते खरं तर या निवडीबद्दल.

आमची आजी दांडिया बाजारातून मांडवीला पायी जायची. तिच्याबरोबर गेलं की सूरसागरला थांबायचं, न्यायमंदिरापाशी सावलीत टेकायचं, लहरीपुरा दरवाजाच्या आत शिरल्यावर ओळखीच्या प्रत्येक ओट्यावर दोन शब्द बोलायचे. बाबांच्या स्कूटरवरून तोच रस्ता सात मिनिटांचा असे, आणि त्यात लक्षात राहायचे ते फक्त खड्डे. पुढे मी सायकल चालवू लागलो तेव्हा आतल्या गल्ल्या आणि पोळी कळल्या. रस्ता एकच, पण मला तीन वेगळी बडोदी ठाऊक आहेत.

डोटाचंही तसंच आहे. पज नावाचा एक ढोला हिरो आहे, त्याच्या हातात साखळीला बांधलेला आकडा. तो घेऊन जंगलात उभं राहिलं की नजर झाडांवरून सरकते आणि मधे आडव्या येणाऱ्या अंगांमधल्या फटी शोधू लागते, कारण आकडा तिथूनच जाणार. टिंबरसॉला तीच झाडं खुंटीसारखी: साखळी फेकायची, झाडाला अडकवायची आणि स्वतःला ओढून घ्यायचं. मंकी किंग तर जमिनीवर उतरतच नाही, शेंड्यावरून शेंड्यावर उडतो. अर्थशेकर एका फटक्यात रस्त्यात दगडाचा बांध उभा करतो, म्हणजे तो खेळताना प्रत्येक अरुंद वाट ही बंद करता येणारं दार वाटते. स्लार्डार पाण्यात शिरला की वेग घेतो, त्यामुळे त्याच्यासाठी नदी हाच हमरस्ता. नाइट स्टॉकर घेतला की दिवसाची पाच मिनिटं जाता जात नाहीत, सूर्य मावळण्याकडे डोळे लागतात. आणि नेचर्स प्रॉफेट कुठूनही कुठेही प्रकट होतो, म्हणून त्याच्या हिशेबी या प्रदेशात अंतर नावाची चीजच नाही.

क्रिस्टल मेडनच्या हिशेबी मात्र अंतरच अंतर आहे. ती हळू चालते, एका फटक्यात आडवी होते, आणि तिचं काम दुसऱ्यांना जगवणं हे. ती चोरपावलांनी टेकाडांवर जाऊन वॉर्ड रोवून येते. वॉर्ड म्हणजे एक छोटी खुंटी, जी सहा मिनिटं आजूबाजूचं दाखवत राहते. माझी धाकटी बहीण कायम हीच घेते. एकदा मी तिला डाव हरल्यावर म्हटलं, "तू मॅपवर कुठे असतेस तेच कळत नाही." ती म्हणाली, "तुला जेवढा मॅप दिसतो ना, तेवढ्यात मी असते." यावर उत्तर नव्हतं.

आम्ही पाच जण. मी आणि बहीण पुण्यात. एक मित्र मस्कतला, एक टोरांटोत. पाचवा माझा मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळेच दादा म्हणतो. तो बडोद्यातच असतो. सुरुवात २००८ ला झाली, मी कलाभवनला बीई करत होतो तेव्हा. कॉलेजजवळच्या एका सायबर कॅफेत दहा मशीन होती, तासाला पंधरा रुपये, आणि मागच्या भिंतीला कूलर, जो लेक्चर बुडवून आलेल्यांच्या पाठीवरच नेमका पाणी उडवायचा. दादा तेव्हा नोकरीला लागलेला होता, तरी संध्याकाळी यायचा. मस्कतवाला गुजराती, पण आमच्यात राहून त्याचं मराठी आमच्याइतकंच झालंय. फक्त रागावला की गुजरातीत जातो.

दादाचा हिरो इन्व्होकर. बाकीच्या हिरोंना साधारण चार विद्या असतात, याला दहा. तीन प्रकारच्या गोळ्यांतून एकेक करत तीन घ्यायच्या, क्रमाला महत्त्व नाही. गणितवाल्यांनी करून बघावं, दहाच जोड्या येतात. प्रत्येक विद्येसाठी आधी गोळ्यांची तीन बटणं, मग ती घडवायचं चौथं, मग ती वापरायचं पाचवं, आणि हे सगळं अंगावर कोणी धावून येत असताना. दादाची बोटं हार्मोनियमवर चालावीत तशी चालायची. मधल्या लेनमध्ये तो एकटा उभा राहायचा आणि बाकीचे आम्ही चौघं त्याच्या जिवावर हिंडायचो.

दोन वर्षांपूर्वी त्याची मोटरसायकल पावसात घसरली. उजव्या मनगटाची दोन ऑपरेशनं झाली. हाड जुळलं, पण नस दुखावली होती, आणि शेवटच्या तीन बोटांत जोर आलाच नाही. कामावर तो चार महिन्यांनी परत गेला. सही डाव्या हाताने करायला शिकला. मग एका शनिवारी माउसही डाव्या हातात घेऊन बसला. उजव्या हाताच्या दोन बोटांना झेपतील तेवढीच बटणं. इन्व्होकर घेतला. दहाव्या मिनिटाला म्हणाला, "तुम्ही खेळा रे, मी बघतो."

पुढचे तीन शनिवार तो नुसता बघत होता. ऑफिसच्या मीटिंगांचा माझा अनुभव असा, की "मी नुसता ऐकतो" म्हणणारा माणूस चौथ्या मीटिंगला नसतो. मामीचा फोन आला तेव्हा ती खेळाबद्दल काही बोलली नाही, एवढंच म्हणाली, "शनिवारी जेवून लगेच झोपतो हल्ली."

मग टोरांटोवाल्याने इंजिनिअर जे करतात ते केलं. एक्सेल शीट बनवली. सव्वाशे हिरो, प्रत्येकापुढे रकाने: बटणं किती, नेम किती अचूक लागतो, किती घाईने क्लिक करावं लागतं. गाळून गाळून अकरा नावं उरली. पहिलं रेथ किंग. हा हाडांचा राजा. मुद्दाम दाबायची बटणं अगदी मोजकी, आणि मेला तर आपसूक एकदा उठून उभा राहतो. दादाने तो घेतला, आम्ही जिंकलोही. जिंकल्यावर तो म्हणाला, "मला पेन्शनीत काढलंत." खोटं नव्हतं. सरळ चालत जायचं आणि मारायचं. ज्याने दहा विद्या हाताळल्या त्याला हे भजनी मंडळात टाळ धरायला बसवल्यासारखं.

मधली लेन रिकामी झाली होती, ती माझ्याकडे आली. मला या जागेचा तो भाग वर्षानुवर्षं नुसता लांबून माहीत होता. तिथे उभं राहिल्यावर कळलं, की दोन्ही बाजूंच्या जंगलातून कोण कधी येईल याचा घोर दादा इतकी वर्षं एकटा वाहत होता आणि वर गप्पाही मारत होता. बहिणीने वरची लेन घेतली, मस्कतवाल्याने वॉर्डांचं काम घेतलं. "मी सपोर्ट करून घेईन, चिंता नको करू," म्हणाला, आणि पहिल्याच डावात गुजरातीत गेला. आमची रँक घसरली ती घसरलीच.

हिरोच्या नावावर त्याचं काम कायमचं लिहिलेलं नसतं, हे मोठ्या खेळाडूंनीही दाखवलंय. आयो हा प्रकाशाचा एक गोळा, सोबत्याला दोरीने बांधून घेऊन त्याला बळ देणारा, कायमचा मदतनीस. २०१९ साली शांघायला द इंटरनॅशनल ही जगातली सर्वांत मोठी डोटा स्पर्धा झाली, तिथे ओजी संघाच्या आना या खेळाडूने हाच आयो मुख्य लढवय्या म्हणून खेळवला आणि संघाने लागोपाठ दुसऱ्यांदा विजेतेपद घेतलं. आपल्याकडच्यांनाही हा खेळ परका राहिलेला नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ ईस्पोर्ट्स चॅम्पियनशिपमध्ये भारताच्या डोटा संघाने कांस्यपदक आणलं. हे मुद्दाम लिहिलं, कारण आमच्या घरात याला अजून "ते गाड्यांचे खेळ" म्हणतात.

अकरा नावांतलं सातवं होतं ट्रीअंट प्रोटेक्टर. हा चालतं-बोलतं झाड आहे. झाडांजवळ उभा राहिला की शत्रूला दिसत नाही. त्याची एक विद्या अशी, की सोबती मॅपवर कुठेही असो, त्याच्या अंगावर सालीचं चिलखत चढवता येतं, जखमा भरून येतात. बुरुजालाही चालतं. घाई नको, हार्मोनियम नको. लागतं ते फक्त कोण कुठे आहे आणि आता कोणावर वेळ येणार आहे हे आधी दिसणं. पंधरा वर्षं मधल्या लेनवर उभं राहून चहूकडे कान ठेवणाऱ्या माणसाला ते दिसतंच. जंगलात झाड होऊन बसलेला दादा तिथून बोलायला लागला: "ताई, मागे फिर. नदीत दोघं आहेत." माझ्या बहिणीला तो लहानपणापासून ताईच म्हणतो. ती मागे फिरली, आणि नदीतून खरंच दोघं वर आले. त्या रात्री आम्ही तीन डाव खेळलो. मामी मधे दूध ठेवून गेली, ते माइकवर ऐकू आलं. पुढच्या शनिवारी तिनेच त्याला विचारलं म्हणे, की आज लवकर जेवायचं ना?

या जागेचंही एकसारखं काहीतरी बदलत असतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये नकाशा चाळीस टक्क्यांनी मोठा झाला आणि रोशनला एकाऐवजी दोन बिऱ्हाडं मिळाली. दिवस-रात्र बदलली की तो मुक्काम हलवतो. २०२५ मध्ये नदीची वाटच बदलली. पाठ झालेल्या जागा पुन्हा शिकाव्या लागल्या. मला वैताग आला. दादा खूश होता, कारण आता सगळेच नवखे.

शनिवारी रात्री साडेनऊ ही आमची वेळ. मस्कतला तेव्हा आठ वाजलेले असतात, टोरांटोत उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारचे बारा. हात दुखायला लागला की दादा एका डावानंतरच उठतो, तेव्हा आम्हीही उठतो. थंडीत हे जास्त होतं. शीटमधले दोन हिरो अजून करून बघायचे राहिलेत.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल आमच्यात कोणी बोलत नाही. मित्रांच्या यादीत प्रत्येकाच्या नावाखाली तो आत्ता काय खेळतोय ते दिसतं. कधीकधी मधल्याच वारी, रात्री एकच्या सुमाराला, दादाच्या नावाखाली दिसतं: बॉट प्रॅक्टिस, इन्व्होकर. समोर माणसं नसतात, संगणकच खेळत असतो, म्हणजे बघणारं कोणी नाही. सुरुवातीला ते पाच-दहा मिनिटांत विझायचं. गेल्या बुधवारी लेव्हल अठरापर्यंत गेलेलं दिसलं.