सल्ला न देणारी माणसं

फिलाडेल्फियाजवळच्या एका क्वेकर शाळेत मी गणित शिकवते. मूळची सांगलीची. नोकरी लागली तेव्हा क्वेकर म्हणजे कोण, हेही मला धड माहीत नव्हतं. आठवड्यातून एकदा सगळी शाळा बाकांवर गप्प बसते. पाद्री नाही, प्रवचन नाही. कुणाला आतून वाटलंच तर उठून दोन वाक्यं बोलायची, शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवायचा. सुरुवातीला मी त्या वेळात मनातल्या मनात पेपर तपासायची.

दमणूक हळूहळू वाढली. आमच्याकडे नुसते गुण देऊन भागत नाही, प्रत्येक मुलाबद्दल परिच्छेदभर लिहावं लागतं. त्यात बैठका. क्वेकर पद्धतीत मतदान नसतं, सगळ्यांचं एकमत जुळेपर्यंत चर्चा चालते. तत्त्व सुरेखच आहे, पण संध्याकाळी पार्किंगच्या नियमांवर तासभर चर्चा झाली की तितकंसं सुरेख वाटत नाही. पालकांच्या ईमेल मी जेवताना वाचायची. एका फेब्रुवारीत नवऱ्याला सांगून टाकलं, जूननंतर हे नको.

एका सहकारी शिक्षिकेनं पेंडल हिलचं शिबिर सुचवलं. वॉलिंगफर्डमधलं हे क्वेकरांचं अभ्यासकेंद्र 1930 पासून चालू आहे. शिक्षकांसाठी लिहिणारे पार्कर पामर इथे बरीच वर्षं राहत होते. नुसत्या तंत्रानं शिकवणं होत नाही, शिकवणारा माणूस आतून कसा आहे यावर ते ठरतं, असं त्यांचं म्हणणं. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे पैसे भरून गप्प बसायचं?" सेवाग्रामला नई तालीमचं काम केलेल्या मार्जरी साइक्स याच पंथातल्या, असं सांगितल्यावर तिचा विरोध मावळला.

शनिवारी दुपारी माझी 'क्लिअरनेस कमिटी' होती. ही क्वेकरांची जुनी रीत, पूर्वी लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्यांसाठी वापरत. पामर यांनी ती शिक्षकांत रुजवली. आपला पेच आधी पानभर लिहून द्यायचा. मग पाच-सहा जण दोनेक तास आपल्यासोबत बसतात आणि फक्त प्रश्न विचारतात. तेही असे, ज्यांचं उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक नाही. "रजा का घेत नाहीस?" हेसुद्धा चालत नाही, कारण तो प्रश्नाच्या वेषातला सल्लाच. नंतर या गोष्टीची वाच्यता कुठेही करायची नाही.

आपल्याकडे अडचण सांगायला तोंड उघडलं की वाक्य पुरं व्हायच्या आत चार सल्ले येतात. त्यामुळे मला पहिला अर्धा तास जडच गेला. मी लिहिलं होतं, नोकरी सोडू का? बालवाडीच्या एक बाई म्हणाल्या, "घरी जाताना गाडीत कोण आठवतं?" मी बराच वेळ बोलले नाही. मग म्हणाले, सातवीतली एक मुलगी. अपूर्णांकांचे छेद समान करताना तिचे ओठ हलतात. एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "आणि घरी पोचल्यावर?" तोंडातून निघालं, "समितीचं इतिवृत्त." मी हसले आणि लगेच रडूही आलं. कुणी पाठीवर हात ठेवला नाही, तसा नियमच आहे. टिश्यूचा डबा माझा मीच ओढून घेतला. तेव्हा थोडा राग आला होता, पण कुणी समजूत घातली असती तर मी तिथेच थांबले असते.

सोमवारी मुख्याध्यापकांना भेटून एक सोडून बाकी समित्या सोडल्या. इतिवृत्त आता कोण लिहिणार, हा त्यांचा पहिला प्रश्न. मुलांबद्दलचे परिच्छेद काही सुटले नाहीत. ते अजूनही रविवारी रात्रीच लिहून होतात.

शाळेत आम्ही काही जणांनी महिन्यातून एकदा असंच बसायचं ठरवलं. शाळा सुटल्यावरची वेळ ठेवली आणि ते बारगळलं. कुणाला ना कुणाला निघायचंच असायचं. आता शाळा भरण्याआधी बसतो, ते टिकलंय.

कुणाला करून बघायचं असेल तर आपलं मूल्यमापन लिहिणाऱ्या व्यक्तीला त्या गटात घेऊ नका. जिवलग मैत्रिणीलाही नको, तिला सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर आधी डॉक्टरकडे जा, असं गटात बसणं हा त्यावरचा इलाज नव्हे. आणि शिबिराची फी शाळेच्या प्रशिक्षण निधीतून मिळते का, ते विचारा. मला मागितल्यावर मिळाली, आपण होऊन कुणी सांगितलं नव्हतं.