सैल स्टिअरिंग

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. गाडीचं स्टिअरिंग. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी खुशाल दुसरीकडे वळावं, पण घरच्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा. ताई, तू तर दोनदा वाच :)

झालंय असं, की माझी नागपूरला बदली झाली. त्यामुळे आईला दर तीन महिन्यांनी हरसूलहून ठाण्याला तपासणीसाठी न्यायचं काम आता भाच्याकडे जाणार. तिच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, प्रवास करा, पण हिसके नकोत. गाडी तीच, आपली तीन दारांची फोर बाय फोर. कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर आपल्यातले दोन पक्ष लगेच भांडायला उठतील.

भाच्यानं गेल्या रविवारी गाडी नाशिकहून घोटीपर्यंत हायवेवर नेऊन आणली. आल्या आल्या म्हणाला, "मामा, गाडीत काहीतरी बिघाड आहे. सरळ जातच नाही. नव्वदच्या पुढे तर होडीत बसल्यासारखं वाटतं." तो शिकलाय छोट्या हॅचबॅकवर, त्यामुळे त्याला तसं वाटणं साहजिक होतं. तरी शंका नको म्हणून गॅरेजला नेली. टायरॉड, बॉल जॉइंट, बेअरिंग, अलाइनमेंट, सगळं पाहिलं. काही निघालं नाही. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "साहेब, ही गाडी अशीच असते."

हे ऐकून ताईचा फोन. "अशीच असते म्हणजे काय? विकून टाका ना मग, साधी गाडी घ्या."

ताईचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण साधी गाडी हरसूलपर्यंत येते, पाड्यापर्यंत येत नाही. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी जायला लागलं की ती अलीकडे थांबते. पाणी ओसरलं तरी पुढचा चिखल आहेच. आणि तिथून घरापर्यंत आईला चालवत न्यायचं की खुर्चीत बसवून उचलून, हा प्रश्न दादाला दर पावसाळ्यात पडायचा. ही गाडी आली आणि तो प्रश्न सुटला. म्हणजे पहिले तीन किलोमीटर हिच्याशिवाय होत नाहीत, आणि नंतरच्या दीडशेएक किलोमीटरमध्ये ही होडीसारखी वाटते. आता?

मला वाटतं, या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात. ते कारण कळलं की गाडीची भीतीही जाते आणि फाजील विश्वासही जातो.

आमच्या लहानपणी त्र्यंबक-हरसूल काळ्या-पिवळ्या जीपगाड्या चालायच्या. तुम्हाला आठवत असेल, ड्रायव्हर सरळ रस्त्यावरही चाक सारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत असायचा. आम्हाला वाटायचं ती त्याची स्टाईल आहे! स्टाईल कसली, त्या स्टिअरिंगला मध्यभागी बोटभर प्ले असायचा. चाक थोडं फिरवलं तरी टायरपर्यंत काही पोचायचंच नाही. तो बिचारा गाडीला सतत मध्यावर आणत असायचा. चाळीस-पन्नासच्या वेगात ते खपून जायचं. मूळ जीप १९४१ च्या सुमारास अमेरिकेनं युद्धासाठी बनवली, ती चिखलातून आणि खड्ड्यांतून जाण्यासाठी. शंभरच्या वेगानं तासन् तास पळणं हे तिचं कामच नव्हतं. तीच जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली आणि आपल्या डोंगरांत आली.

त्या जीपच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये आट्यांचा दांडा असतो. नंतरच्या अनेक गाड्यांत त्या आट्यांतून छर्रे फिरतात. चाकाला दगडाचा फटका बसला की तो तिथेच बराचसा जिरतो, हातापर्यंत येत नाही. जीप रँग्लरमध्ये आणि सुझुकी जिम्नीमध्ये आजही याच जातीचं स्टिअरिंग आहे. हॅचबॅकमध्ये असतो रॅक. तो थेट असतो, रस्त्याची बातमी लगेच हाताला कळते. आपल्या गाडीतही रॅकच आहे, पण मंद. तेवढंच वळण घ्यायला चाक जास्त फिरवावं लागतं. का? तर खडकावरून उतरताना चाक इंचभर इकडेतिकडे झालं तरी गाडी एकदम वळू नये. वाघेरा घाटातल्या उखडलेल्या रस्त्यावर हाच मंदपणा तुमचा अंगठा वाचवतो. मोकळ्या रस्त्यावर आपण त्यालाच 'सैल' म्हणतो.

बाकीच्या गोष्टीही तशाच. टायरची भिंत उंच आणि मऊ, म्हणजे दगडावर तो दबतो. हायवेवर मात्र चाक फिरवलं की आधी ती भिंत पिळते. मग लांब झेप घेणाऱ्या मऊ स्प्रिंगांवर बॉडी कलते, आणि त्यानंतर गाडी वळते. हा उशीर सेकंदाच्या छोट्याशा भागाचा असतो, पण नवख्या माणसाला वाटतं गाडीनं ऐकलंच नाही. म्हणून तो आणखी चाक फिरवतो. तेवढ्यात गाडीनं पहिलं ऐकलेलं असतं! मग ती जास्त वळते, तो उलट फिरवतो, आणि नागमोडी सुरू होते. भाच्याची होडी ती हीच.

शिवाय मागचा अ‍ॅक्सल अखंड. एक चाक दगडावर चढलं की दुसरं जमिनीवर दाबलं जातं, म्हणून चिखलात तो चांगला. पण हायवेच्या वळणावर एका बाजूला खड्डा लागला की मागची बाजू सगळीच किंचित सरकते. हे सरकणं कमी करायला स्कॉर्पिओ-एन (२०२२) आणि पाच दारांच्या थार रॉक्सच्या (२०२४) मागच्या अ‍ॅक्सलवर 'वॉट्स लिंकेज' नावाची जोडणी दिली आहे. वॉट म्हणजे वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट! इंजिनाचा दांडा सरळ रेषेत वरखाली जावा म्हणून त्यानं १७८४ मध्ये ती शोधली. तीच युक्ती आज अ‍ॅक्सलला सरळ वरखाली ठेवते. मला हे वाचून फार गंमत वाटली होती.

रॉक्सची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, रॉक्सचा २८५०. म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ४० सेंटिमीटर जास्त अंतर. तेवढ्यानं गाडी सरळ रस्त्यावर शांत होते, पण घळीवरून जाताना पोट टेकण्याची शक्यता वाढते आणि अरुंद जागी वळायला जास्त जागा लागते. पाड्यावरच्या आपल्या गल्लीत ती एका दमात वळणार नाही. एक घ्यावं तर दुसरं द्यावं लागतं, कंपनी कुठलीही असो.

आता ताईच्या खऱ्या भीतीबद्दल. उंच गाडी उलटते का? अमेरिकेत यासाठी एक साधा आकडा काढतात. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं अर्ध भागिले गुरुत्वमध्याची उंची. साध्या मोटारींचा तो साधारण १.३ ते १.५ येतो, एसयूव्हींचा १ ते १.३. आकडा जितका कमी तितकी उलटण्याची शक्यता जास्त. त्यात फार वेगही लागत नाही. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये मर्सिडीजची छोटी ए-क्लास, जी एसयूव्हीसुद्धा नव्हती, 'हरीण आडवं आलं' अशा चाचणीत उलटली होती. एकदम डावीकडे, लगेच उजवीकडे, बस्स. त्यानंतर कंपनीनं त्या गाडीत ईएसपी सरसकट दिलं. आपल्या गाडीतही ते आहे. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला स्वतःहून ब्रेक लावतं. पण ते काही भौतिकशास्त्र बदलत नाही.

म्हणून भाच्याला मी पहिला नियम तोच सांगितलाय. कुत्रं आडवं आलं तर सरळ रेषेत ब्रेक. झटका देऊन चुकवायचं नाही. ऐकायला निर्दयी वाटतं, मलाही वाटतं. पण शेजारी आजी बसलेली असते.

दुसरा नियम ऐंशीचा. समृद्धीवर मोटारींना सपाटीला ताशी १२० आणि घाटात १०० ची मर्यादा आहे. मर्यादा म्हणजे तेवढं गेलंच पाहिजे असं नाही, हे आपल्याकडे फार कमी लोकांना पटतं. आपण त्र्यंबकहून पहिने, घोटी करत इगतपुरीला समृद्धीवर चढतो आणि आमण्याला उतरतो. २०२५ च्या जूनमध्ये सुरू झालेला हा ७६ किलोमीटरचा टप्पा. ऐंशीनं ५७ मिनिटं लागतात, शंभरनं साधारण साडेपंचेचाळीस. वाचतात किती? साडेअकरा मिनिटं. आणि गाडीच्या अंगातली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे शंभरला ती ऐंशीपेक्षा दीडपटीहून जास्त. ब्रेकनं ती सगळी जिरवायची असते. साडेअकरा मिनिटांसाठी हा सौदा मला तरी परवडत नाही. डाव्या बाजूनं जावं, मागून लाईट मारणाऱ्याला जाऊ द्यावं. "एवढी मोठी गाडी आणि ऐंशीनं?" असं आपल्यातलेच कोणीतरी विचारणार. त्यांना हा परिच्छेद दाखवावा :)

बाकी बारीकसारीक, पण महत्त्वाचं. चिखलासाठी टायरमधली हवा कमी केली असेल तर त्र्यंबकला पहिल्या पंपावर भरून घ्यायची. कमी हवेचा टायर हायवेवर तापतो आणि स्टिअरिंग आणखी सैल होतं. पाड्यावर लावलेला फोर-व्हील डांबरी रस्त्याला लागताच काढायचा. आपल्या गाडीत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात, कोरड्या रस्त्यावर घसरून ते अंतर भरून काढता येत नाही, आणि सगळा ताण गिअरमध्ये साठतो. चाक जड लागलं की ओळखायचं, लिव्हर राहिलाय. तांदळाची पोती मागे खाली ठेवायची, टपावर काही नको. दादा, हे तुला सांगतोय!

चाक दोन्ही हातांनी धरायचं, पण आवळायचं नाही. खराब रस्त्यावर अंगठे आत अडकवायचे नाहीत, दगड लागला तर चाक उलटं फिरून अंगठा दुखावतो. नजर बोनेटसमोर नको, दूर हवी. जवळ पाहिलं की हात सारखे दुरुस्त्या करतात, दूर पाहिलं की हात आपोआप शांत होतात. इगतपुरीच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यात वारा नसतो. बाहेर आलं की दरीवरच्या उंच पुलांवर तो आडवा लागू शकतो, आणि आपली गाडी म्हणजे चाकांवरचं कपाट. बोगदा संपायच्या आधीच पाय थोडा सैल सोडायचा. कंटेनरच्या बाजूनं पुढे जाताना तेच. गाडी किंचित हलेल, तिला हलू द्यायचं, लगेच चाक ओढायचं नाही.

आणि एक फरक नीट लक्षात ठेवायचा. सैलपणा हा स्वभाव आहे, थरथर हा आजार. चाक हातात थरथरायला लागलं, गाडी एकाच बाजूला ओढायला लागली, किंवा प्ले आधीपेक्षा वाढला, तर "ही गाडी अशीच असते" म्हणून सोडायचं नाही. हळूहळू वेग कमी करून बाजूला घ्यायची आणि नंतर थेट गॅरेज.

मंगळवारी दोघं पुन्हा गेलो. भाचा चालवत होता, मी शेजारी आईच्या जागेवर. डॅशबोर्डवर अर्धा भरलेला पाण्याचा पेला ठेवला होता. जाताना घोटीपर्यंत माझी पँट भिजली. येताना ऐंशीनं आलो, वळणाआधीच ब्रेक, चाक हलकं. पेला तसाच राहिला. भाचा म्हणाला, "मामा, ही सरळ जाते की. फक्त तिला वेळ द्यावा लागतो." मी काहीच बोललो नाही, पण नागपूरला जाताना मनात जे ओझं नेणार होतो ते तिथेच थोडं हलकं झालं.

असो. पुढची तपासणी पंधरा तारखेला आहे. आदल्या रात्री तो पाड्यावर मुक्कामी जाईल, सकाळी सहाला निघतील. त्या दिवशी सगळ्या मावश्या, काकांना एकच विनंती, "कुठपर्यंत आलात?" म्हणून त्याला फोन करू नका. ठाण्याला पोचल्यावर तोच करेल. दहाला नाही आला तर साडेदहाला येईल.