दोनच गिअर आणि एक बटण!

ऑटोमॅटिक गाडी म्हणजे ट्रॅफिकला कंटाळलेल्यांची सोय, असं माझं ठाम मत होतं. पुण्यात पंचवीस वर्षं क्लच दाबून डावा गुडघा कुरकुरायला लागला, तरी ते बदललं नाही. बदललं ते पेनसिल्वेनियात, एका शुक्रवारी रात्री, जेमतेम दहा सेकंदांत!

भाचा ड्रॅग रेस दाखवायला घेऊन गेला होता. पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा सरळसोट पट्टा. शेजारी शेजारी दोन गाड्या, मध्ये दिव्यांचा खांब. हवेत जळक्या रबराचा वास, आणि इंजिनांचा आवाज पार बरगड्यांत!

एकीकडे गिअरची मस्टँग, दुसरीकडे जुनी ऑटोमॅटिक शेव्हरोले नोव्हा. मी अर्थातच मस्टँगच्या बाजूने.

"मावशी, हरशील. नोव्हाला दोनच गिअर आहेत."

दोन? अरे, आमच्या ऑल्टोला पाच होते!

पिवळे दिवे, हिरवा... मस्टँगवाल्याने क्लच सोडला आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरली. नुसता धूर! नोव्हाने मात्र पुढची चाकं वीतभर उचलली आणि ती गेलीसुद्धा. मी ओरडले. कुणासाठी, ते मलाही कळलं नाही.

मग नोव्हाच्या मालकाला गाठलंच. त्याच्या गाडीत पावरग्लाइड! शेव्हरोलेने १९५० मध्ये घरगुती गाड्यांसाठी आणलेला, १९७३ मध्ये बंद झालेला गिअरबॉक्स. वजनाला हलका, आणि दोनच गिअर म्हणजे वाटेत बदलायचा एकदाच. खरी गंमत मात्र स्टिअरिंगवरच्या बटणात. त्याला म्हणतात ट्रान्सब्रेक. ते दाबलं की पहिला आणि रिव्हर्स दोन्ही गिअर एकदम पकडतात! गाडी जागची हलत नाही. मग अ‍ॅक्सिलरेटर खुशाल तळापर्यंत दाबा. इंजिन बंद पडत नाही, कारण गिअरबॉक्सशी त्याची गाठ तेलातून असते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये समोरासमोर दोन पंखे; इंजिनकडचा तेल फेकतो, त्या माऱ्याने दुसरा फिरतो. सुटताना हे तेल चाकांकडे जाणारा जोर वाढवूनही देतं. बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो, आणि पुढे तुम्ही पाहिलंतच!

मॅन्युअलमध्ये हे सगळं डाव्या पायावर. क्लच झटक्यात सोडला तर चाकं घसरतात, जपून सोडला तर इंजिन दबतं. शिवाय दर गिअरला जोर क्षणभर तुटतो. नोव्हावाल्याच्या वेळेच्या चिठ्ठ्या पाहिल्या: १०.०४, १०.०५, १०.०४. मस्टँगवाल्याच्या चिठ्ठ्यांत अर्ध्या अर्ध्या सेकंदाचा फरक. इथल्या ब्रॅकेट शर्यतीत स्वतःची वेळ आधी गाडीवर लिहावी लागते आणि तिच्याहून लवकर पोचलात तर सहसा हार ठरलेली. तिथे असा एकसारखेपणा म्हणजे सोनंच की!

आणि सगळ्यांत वेगवान 'टॉप फ्युएल' गाड्या? त्यांना गिअर बदलायचेच नसतात! नुसता क्लच, हळूहळू घट्ट होत जाणारा. १,००० फूट, चार सेकंदांच्या आत.

मस्टँगवाल्याला विचारलं, "मग तू ऑटोमॅटिक का नाही बसवत?"

तो हसला. "मग गाडीत मी काय करू?"

घरी जायला भाच्याची ऑटोमॅटिक मी मागून घेतली. निघताना डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला, आणि अंगठा? तो स्टिअरिंगवर बटण शोधत होता!


"पुढच्या शुक्रवारी गेट किती वाजता उघडतं रे?"