जुने वेष्टन, नवे वेष्टन

ज्येष्ठ शुद्ध पंचमी, म्हणजे श्रुतपंचमी. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांच्या हातून षट्खंडागम ग्रंथारूढ झाला व या तिथीला त्याची पूजा झाली, असे आपली परंपरा सांगते. आमच्या घरी या दिवशी कपाटातील सर्व ग्रंथ बाहेर काढले जातात. त्यांना ऊन दाखवायचे, धूळ झटकायची, वाळवी-कसर लागली आहे का ते पाहायचे, जुने वेष्टन धुवायला टाकून नवे बांधायचे, हा वडिलांच्या काळापासूनचा क्रम आहे. गेली काही वर्षे ग्रंथांच्या त्या रांगेत मी आणखी एक वस्तू ठेवत आलो आहे, ती म्हणजे आठ इंची टॅब्लेट. त्यात शंभराहून अधिक ग्रंथ आहेत. मग त्याचीही धूळ झटकायला नको का?

यंदा ती झटकताना टॅबची काच एका बाजूने वर उचलली गेल्याचे दिसले. गावातील मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर तेथील मुलाने बोटाने हलकेच दाबून पाहिले आणि म्हणाला, "काका, बॅटरी फुगली आहे. आता चार्जिंगला लावू नका, आणि आजींच्या उशाशी तर मुळीच ठेवू नका."

हा टॅब मी २०१६ साली बारा हजार रुपयांना घेतला होता. नोकरी तेव्हा चालू होती. हेतू एवढाच, की प्रवासात स्वाध्याय व्हावा. पुढे मी निवृत्त झालो आणि टॅब हळूहळू आईकडे गेला. आईचे वय आज ८६. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, पण पुढे डोळ्यांच्या पडद्याचीच झीज सुरू झाली आणि छापील अक्षर तिला दिसेनासे झाले. टॅबवर अक्षर बोटाएवढे मोठे करता येते. तो एका हातात मावतो, मांडीवर ठेवला तरी जड होत नाही. कोठे बोट लावले की रत्नकरंड श्रावकाचार उघडतो आणि कोठे लावले की भक्तामर ऐकू येते, हे तिला न पाहता ठाऊक झाले होते. जिंतूरजवळील नेमगिरीची चढण आता तिला झेपत नाही, म्हणून तेथील मूर्तींची छायाचित्रेही त्यातच ठेवली होती.

टॅबचे म्हातारपण मात्र आधीपासूनच जाणवत होते. सामायिकाच्या ४८ मिनिटांतही बॅटरी टिकेना. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन दोन ध्रुवांमध्ये ये-जा करतात. काहीशे वेळा भरून रिकामी झाली की तिची धारणशक्ती घटते, आणि उष्णतेने ही झीज वाढते. परभणी जिल्ह्याचा उन्हाळा पारा चाळिशीपार नेणारा, तेथे यंत्राने तरी किती सोसावे? आत वायू साचला की बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी टोचली, दाबली किंवा तापली तर पेट घेऊ शकते, म्हणून त्या मुलाची सूचना योग्यच होती.

दुसरा दोष डोळ्यांना दिसणारा नव्हता. त्यातील अँड्रॉइड प्रणाली २०१५ सालची. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे केव्हाच थांबले होते आणि अनेक संकेतस्थळे तर उघडतच नव्हती. बँकेतील जुन्या सहकाऱ्यांना हे कारण चटकन समजेल. पूर्वी प्रत्येक शाखेत अधिकाऱ्यांच्या नमुना सह्यांचे पुस्तक असे. दुसऱ्या शाखेचा डिमांड ड्राफ्ट आला की त्यावरची सही त्या पुस्तकाशी ताडून पाहायची. नव्या अधिकाऱ्याची सही आपल्या पुस्तकात आलेलीच नसेल, तर अस्सल ड्राफ्टही थांबवावा लागे. टॅबमध्येही विश्वासार्ह प्रमाणपत्रांची अशीच एक यादी असते. यादी जुनी राहिली की खरे संकेतस्थळसुद्धा त्याला अनोळखी वाटते. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे ज्या तिजोरीच्या किल्ल्यांच्या नकला बाजारात फिरत आहेत, तिच्यात रोकड ठेवणे. मी ते व्यवहार फार पूर्वीच बंद केले होते. समवयस्क वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की आपले जुने यंत्र कितीही चांगले चालत असले तरी त्यावरून पैशांचे व्यवहार करू नयेत.

तर मग नवा घ्यावा, यात अडचण कसली? अडचण माझ्या वहीत होती. निवृत्त झालो त्या वर्षी मी परिग्रह-परिमाण व्रत घेतले. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य इत्यादी जे बाह्य परिग्रहाचे दहा भेद शास्त्रात सांगितले आहेत, त्यांची मर्यादा मी वहीत लिहिली. दूरध्वनी आणि टॅब कोणत्या भेदात घालावेत, यावर बराच विचार करून शेवटी कुप्य-भांडात ते नोंदले : 'यंत्रे दोन.' नवा टॅब आणायचा तर जुना घराबाहेर गेला पाहिजे. पण तो कोणाला द्यावा? फुगलेल्या बॅटरीचे यंत्र एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या हाती देऊन त्याला ज्ञानदान म्हणणे ही आत्मवंचना झाली असती. जे आपल्याला धोक्याचे वाटते ते दुसऱ्याला दिल्याने दान होत नाही.

पुण्याच्या मुलाला कळवले, तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही काही बघू नका, मी अकरा इंची टॅब पाठवतो. सोबत कीबोर्ड आणि लिहायची पेनही येईल." मी त्याला "थांब" म्हणालो आणि स्वतःच हिशेब करीत बसलो. वाणिज्य शाखेच्या माणसाची ही खोड जात नाही. प्राप्तिकराच्या नियमांत संगणकाला घसाऱ्याचा दर ४० टक्के आहे. दरवर्षी उरलेल्या किमतीवर तो लावला, तर बारा हजारांच्या टॅबची पुस्तकी किंमत नऊ वर्षांनी १२१ रुपये भरते. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर नऊ वर्षांत त्याचा खर्च दिवसाला पावणेचार रुपयांच्याही आत आला. दोन्ही आकडे बरोबर होते, पण घ्यावा की न घ्यावा हे त्यांतील एकही सांगत नव्हता.

परभणीला जाऊन बॅटरी बदलता येते का, याची चौकशी केली. मूळ कंपनीची बॅटरी मिळत नाही. दुसरी बसवता येईल, पण हमी देणार नाही, असे तेथील कारागिराने प्रामाणिकपणे सांगितले. नवा आठ-नऊ इंची टॅब शोधू लागलो, तर तोही सहज सापडेना. २०११ साली आपल्या सरकारने विद्यार्थ्यांसाठी आणलेला 'आकाश' सात इंची होता. २०१२ मध्ये ॲपलने आयपॅड मिनी आणला तो ७.९ इंचांचा. पुढे मोबाइलचेच पडदे साडेसहा इंचांपर्यंत वाढले आणि मधल्या मापाची ही वस्तू बाजारातून मागे पडत गेली. अकरा इंची टॅब आईच्या मनगटांना पेलणार नव्हता.

हे सर्व शोधताना मी रोज रात्री मोबाइलवर नवनव्या टॅबची चित्रे पाहत असे. दहा इंची, बारा इंची, सोनेरी, रुपेरी. आईला काय पेलेल यापासून सुरू झालेला शोध केव्हा माझ्या हौसेपर्यंत पोहोचला, ते माझे मलाच कळले नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण सांगताना आचार्यांनी वस्तूचे नाव घेतलेले नाही, मूर्च्छेचे घेतले आहे. जी वस्तू अजून घरात आलीच नव्हती, तिचा परिग्रह माझ्याकडे महिनाभर साचत होता. ही जाणीव झाली तेव्हा मी ठरवून टाकले, की नवे काही घ्यायचेच नाही. वर अहिंसेचाही आधार शोधला. या बॅटऱ्यांत वापरले जाणारे कोबाल्ट मुख्यत्वे काँगो देशातील खाणींतून येते, आणि तेथे माणसांचे, लहान मुलांचेही हाल होतात. कृत, कारित आणि अनुमोदना अशा तीन वाटांनी हिंसेचा दोष लागतो, मग विकत घेणारा अनुमोदनेतून कसा सुटेल? माझा युक्तिवाद मलाच फार आवडला. मित्रांनाही तो मी दोन-तीनदा ऐकवला.

एके संध्याकाळी सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमचं व्रत चाललंय ते बरंच आहे. पण आईंचा स्वाध्याय एकवीस दिवस बंद आहे, हे तुमच्या ध्यानात आलंय का?"

खरोखरच आले नव्हते. आई सकाळी नेहमीच्या जागी बसे, हात जोडे, पाठ असलेले स्तोत्र पुटपुटे आणि उठे. मला वाटे, तिचे वाचन झाले. मी तिच्याजवळ जाऊन विचारले, "आई, सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तू रोज वही घेऊन बसायचास. म्हटलं, काही मोठं ठरवतोयस."

मी तिला सगळे समजावून सांगितले. मर्यादा, मोह, काँगोच्या खाणी. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "नव्याचा मोह असतो तसा जुन्याचाही असतोच की रे. आणि 'मी घेत नाही' याचाही असतो."

खाणींविषयीचा माझा प्रश्न खोटा नव्हता, आजही तो सुटलेला नाही. पण त्याच्या आडोशाला मी स्वतःचा मोठेपणा जपत होतो, आणि त्याची किंमत आई देत होती.

त्या रात्री मला धवला ग्रंथांची आठवण झाली. षट्खंडागमावरील या टीकेच्या ताडपत्रीय प्रती कर्नाटकातील मूडबिद्रीला शतकानुशतके जपल्या गेल्या. त्या जीर्ण होत चालल्या तेव्हा त्यांच्या नकला झाल्या. पुढे डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला छापील खंड अमरावतीहून १९३९ साली प्रसिद्ध झाला. आईचे जन्मवर्षही तेच. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी, ज्यांची समाधी १९५५ साली कुंथलगिरीला झाली, हेच सिद्धान्तग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घेण्याची प्रेरणा दिली. ताडपत्र, कागद, तांबे. पान बदलत गेले आणि वाणी टिकली. आपल्या पूर्वजांनी जुन्या पानाविषयी आदर ठेवला, पण त्या आदरापोटी कोणाचे वाचन थांबू दिले नाही. मी मात्र वेष्टनाचाच विचार करीत बसलो होतो.

दुसऱ्याच दिवशी परभणी गाठली. पावणेनऊ इंचांच्या आसपासचा, साधा, अकरा हजारांचा टॅब घेतला. मुलाने सुचवलेली पेन घेतली नाही. कारागिराने जुन्या टॅबची बॅटरी अलगद काढून वाळूच्या डब्यात ठेवली, टेबलावरील वीजपुरवठ्याच्या यंत्राला टॅब जोडला आणि तो बॅटरीवाचून सुरू केला. दोन तासांत सर्व ग्रंथ, ध्वनिफिती आणि छायाचित्रे नव्यात उतरली. मग जुना टॅब माझ्यासमोर कोरा करण्यात आला. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे गेलेला टॅब बहुधा उघड्यावर जाळला वा फोडला जातो, आणि त्याचा धूर व विष कोणाच्या तरी श्वासात, पाण्यात उतरते. म्हणून पुढे छत्रपती संभाजीनगरला जाणे झाले, तेव्हा टॅब आणि बॅटरी अधिकृत संकलकाकडे देऊन आलो. वहीत 'यंत्रे दोन' हा आकडा कायम राहिला.

गोष्ट येथे संपली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. नव्या टॅबवर सगळ्या जागा बदललेल्या होत्या. जेथे भक्तामर होते तेथे कॅमेरा आला. आईचे बोट जुन्या जागी जाई आणि भलतेच काही उघडे. मी दिवसातून दहा वेळा दाखवी. चौथ्या-पाचव्या दिवशी माझा संयम सुटला आणि मी आवाज चढवला, "किती वेळा सांगायचं?" तिने टॅब बाजूला ठेवला आणि पदराने डोळे पुसले. तिच्या डोळ्यांना तसेही पाणी येते, अशी मी माझी समजूत घातली, पण ती खरी नव्हती.

मग नातीने सुट्टीत येऊन एका दुपारी काम केले. पडद्यावरची सगळी चित्रे काढून टाकली आणि फक्त चार मोठ्या चौकटी ठेवल्या, अगदी जुन्या टॅबवर जेथे होत्या तेथेच. आईने बोट लावले आणि भक्तामर सुरू झाले. शिकायचे आईला नव्हते, मला होते. दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी मी सर्वांत आधी आईपुढे हात जोडले.

एक नुकसान मात्र भरून आले नाही. ग्रंथ वाचताना मी नऊ वर्षे ज्या ॲपमध्ये खुणा आणि टिपणे करीत होतो, ते ॲप नव्या यंत्रावर मिळत नाही. ग्रंथ आले, खुणा गेल्या. मला फार हळहळ वाटली. आईजवळ बोलून दाखवली, तर पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "मग परत वाच की."

रत्नकरंड श्रावकाचारापासून सुरुवात केली आहे. या वेळी टिपणे कागदाच्या वहीत करतो, आणि पुढच्या श्रुतपंचमीला तिलाही ऊन दाखवीन.

जय जिनेंद्र.