तेलाची काळजी

दिवाळीत साऱ्यांचे डोळे पणतीच्या ज्योतीकडे लागलेले असतात. तेल रात्रभर पुरेल ना, ही काळजी एखाद्या आजीलाच! संगणकाचेही तसेच आहे. माझ्या पुतण्याने दोन वर्षांची शिल्लक मोडून दोन जुनी ग्राफिक्स कार्डे घेतली. उरला वीजपुरवठ्याचा डबा. तो म्हणाला, "काका, हजार वॉटचा बस होतो. कागदावर भागतंय."

मी मराठीचा मास्तर खरा. पण बेरीज मलाही येते. आरटीएक्स ३०९० चे एक कार्ड ३५० वॉट खाते, दोहोंचे ७००. प्रोसेसर आणि इतर मंडळींचे २०० धरा. झाले ९००! शिवाय ही कार्डे क्षणभर याहून पुष्कळ मोठा घास घेतात. डबा तोकडा असला, की यंत्र ऐन कामात डोळे मिटते. म्हणून बाराशेच्या खाली उतरू नये. डब्यावरचे 'गोल्ड' पदक वीज किती कमी वाया जाते ते सांगते, ताकद नव्हे. आणि प्रत्येक कार्डाला तारा स्वतंत्र हव्यात.

आम्हा बीडकरांना तरी कागदावरच्या वॉटांची मातबरी सांगू नये. २०१३ मध्ये परळीच्या औष्णिक केंद्राची क्षमता अकराशे मेगावॉटच्या वर होती. पण त्याच वर्षीच्या दुष्काळात पाण्यावाचून ते थंडावले. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

पुतण्याने अखेर बाराशेचा डबा घेतला. पाहुणे कार्डांवरच्या रंगीत दिव्यांचे कौतुक करतात. डबा तळाशी काळोखात बसून असतो. पोशिंद्याची जागा बहुधा तीच!