शर्यतीची निवड

नागपूरच्या पश्चिमेस, अमरावती मार्गावर वाडी वसली आहे. समुद्र येथून शेकडो मैल दूर! तरीही येथील एखाद्या तरुणाच्या मनात गोव्याची शर्यत भरते. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ च्या ऑक्टोबरात ती प्रथम झाली. तीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल चालवणे आणि २१.१ किलोमीटर धावणे, हे सारे एका दमात पार पाडावे लागते.

पावसाळा सरल्यावर होणारी शर्यत निवडणे म्हणजे तयारीसाठी वैशाखाचे ऊन आणि श्रावणाच्या सरी पत्करणे होय. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो. म्हणून धावायचे ते तांबडे फुटण्यापूर्वी. पावसात रस्ता निसरडा होतो. तेव्हा सायकलचा वेग आवरावा लागतो. पण पोहण्याच्या तलावातील संथ पाण्यात लाटांची ओळख कशी व्हावी? त्यासाठी काही दिवस आधीच किनारा गाठून, जाणत्या सोबत्यासह समुद्रात उतरावे लागते.

एवढे करूनही तयारी अपुरी वाटली, तर पुढच्या वर्षाची वाट पाहावी. त्यात कमीपणा नाही. आपले बळ ओळखून शर्यत निवडणारा अर्धी शर्यत तेथेच जिंकतो.