मागून घ्यायचा वेळ

ती. सौ. वहिनी,


परवा फोनवर म्हणालात, "बी.ए. पुरं करावं म्हणते, पण ह्यांच्याशी अजून बोलले नाही." त्या ‘बोलले नाही’चीच मला काळजी वाटली.

प्रवेशाचं अवघड नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 साली निघालं ते नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. अडतं ते नावापाशी. तुमच्या बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला आधी शोधा. तुम्ही पूर्वी केलेल्या पहिल्या वर्षाचे गुण धरतात का, तेही विचारून घ्या. नाही धरले तरी थांबू नका.

आमच्या अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्रांना तुमच्या वयाच्या पुष्कळ जणी येतात. समाजशास्त्रात कुटुंब, स्थलांतर असे विषय निघाले की मुलं टिपणं घेत बसतात आणि या बोलू लागतात. त्यांना जड जातं ते लिहिणं. सलग तीन तास पेन चालवायची सवय मोडलेली असते, बोटं आखडतात. म्हणून आतापासून रोज घड्याळ लावून पानभर लिहा.

अभ्यास सोडून जाणाऱ्या बऱ्याच जणी हुशार असतात. पण घरात कुणाला न सांगता त्या शिकत असतात. सगळे झोपल्यावर पुस्तक उघडायचं, आणि पेपरच्या दिवशी पाहुणे आले की पेपर बुडवायचा. घरी ठाऊकच नाही, तर पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी या म्हणणार कोण?

उलट उदाहरण पार्वतीबाई आठवल्यांचं. त्या वैधव्यानंतर, पदरी लहान मुलगा असताना शिकायला बसल्या. पुढे हिंगण्याच्या विधवांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. त्यांच्या जिद्दीचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्यांची बहीण बाया आणि मेहुणे धोंडोपंत कर्वे यांच्या घराचंही मोल तितकंच वाटतं. त्या घरानं त्यांना शिकायला जागा दिली.

तेव्हा दादाला आणि मुलांना एकत्र बसवून सांगा: रविवारची सकाळ आणि परीक्षेचे दिवस माझे, त्या वेळचा स्वयंपाक तुमचा. दादा कुकर लावायला शिकेल, त्यानं शिकायलाच हवं. बोलताना मी शेजारी हवी असेन तर कळवा, निघून येते. दाखल्यांच्या झेरॉक्स मात्र याच आठवड्यात काढा.

तुमची,
वन्सं